शाळेतल्या धर्मशिक्षणाचा वाद वरच्या कोर्टात कसा जातो? पुण्यातल्या एका पालकांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यातल्या एका खासगी अनुदानित मराठी शाळेत सहावीत शिकते. शाळेनं यंदापासून आठवड्याला दोन तास ‘संस्कार वर्ग’ सुरू केला आहे. त्यात स्तोत्रं पाठ करून घेतात, एका पंथाच्या ग्रंथाचं वाचन होतं आणि सत्राअखेर तोंडी परीक्षा असते. घरची श्रद्धा वेगळी आहे. मुख्याध्यापकांना भेटल्यावर ‘सगळी मुलं बसतात, एकीसाठी वेगळी सोय कशी करणार?’ असं उत्तर मिळालं. वडील विचारतात: हा राज्यघटनेचा प्रश्न आहे, मग थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल का? आणि अशी प्रकरणं तिथपर्यंत पोचतात तरी कशी?

मी पुण्यात राहून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतो. शाळा, संस्था, पालक आणि शिक्षण खातं यांच्यातले वाद हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

आधी सरळ उत्तर. मूलभूत हक्काचा भंग झाला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क घटनेनंच दिला आहे. तरीही तुमच्या प्रकरणात तो वापरू नका असं मी सांगेन. एका शाळेपुरती तक्रार घेऊन दिल्लीला गेलात, तर पहिल्याच तारखेला ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं ऐकावं लागण्याची शक्यता फार मोठी आहे. कलम २२६ खालचे उच्च न्यायालयाचे अधिकार याबाबतीत उलट जास्त व्यापक आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ पासून अनेकदा बजावलं आहे. शिवाय उच्च न्यायालय ही पायरी गाळली तर एक अपील आपण होऊन गमावल्यासारखं होतं.

तुमच्या पत्रात मला दोन वेगळ्या मागण्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. मुलीला त्या तासातून सूट हवी आहे, ही एक. अशा सक्तीला कायमचा आळा घालणारा निकाल हवा आहे, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि पुष्कळदा एक मिळाली की दुसरी हातातून जाते. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण प्रकरण वर जाणार की नाही हे तिथेच ठरतं.

शाळेला पैसा कुठून येतो हे आधी पाहावं लागतं. कलम २८ त्यावरच उभं आहे. जी संस्था संपूर्णपणे सरकारी निधीतून चालते, म्हणजे जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. सगळ्या पालकांनी आनंदानं सह्या दिल्या तरी नाही. याला एक अपवाद आहे: संस्था सरकार चालवतं, पण ती ज्या दानातून किंवा न्यासातून उभी राहिली त्याची अटच धार्मिक शिक्षणाची आहे. तिसऱ्या प्रकारात सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या बाकी सगळ्या शाळा येतात. त्यांना धार्मिक शिक्षण देण्याची सरसकट मनाई नाही, पण कुणावर त्यात भाग घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. तुमची शाळा वरकरणी या तिसऱ्या प्रकारातली आहे.

वरकरणी म्हणतो, कारण आपल्याकडे अनुदानाचे टप्पे आहेत: वीस टक्के, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. शंभर टक्के अनुदानित शाळा म्हणजे ‘संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणारी’ का? शिक्षकांचे पगार सरकार देतं, पण इमारत संस्थेची असते आणि इतर खर्चाचा काही भार संस्था उचलते. माझ्या मते अशी शाळा तिसऱ्या प्रकारातच राहते, पण समोरच्याला उलट बाजू मांडायला जागा आहे. आसामात सरकारनं ताब्यात घेतलेल्या मदरशांचं सर्वसाधारण शाळांमध्ये रूपांतर करणारा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये वैध ठरवला, तेव्हा वादाचं मूळ हेच होतं: शिक्षक सरकारी, पगार सरकारी, म्हणजे संस्था संपूर्णपणे सरकारी निधीतली, म्हणून तिथे धार्मिक शिक्षण चालणार नाही.

दुसरी गोष्ट तपासायची ती म्हणजे वर्गात नेमकं काय चालतं. धर्मांविषयी शिकवणं आणि धर्म शिकवणं यांत न्यायालयं फरक करत आली आहेत. पंजाबातल्या डी. ए. व्ही. कॉलेजच्या प्रकरणात, १९७१ साली, गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे कलम २८ मधलं धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याला आव्हान होतं. सर्व धर्मांची ओळख करून देणं घटनाविरोधी नाही, असा निकाल तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दिला. त्या आराखड्यामागे मूल्यशिक्षणावरच्या संसदीय समितीचा १९९९ चा अहवाल होता आणि तिचे अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण होते. त्यामुळे तुमची शाळा उद्या ‘आम्ही मूल्यशिक्षण देतो’ असं म्हणेल, हे धरूनच चला. त्याला उत्तर वर्गाच्या तपशिलातून द्यावं लागेल. एकाच पंथाचा ग्रंथ आहे का? पठण श्रद्धेनं, हात जोडून करायचं आहे का? न बसणाऱ्या मुलांचं काय होतं? परीक्षेचे गुण प्रगतिपुस्तकात येतात का? ‘संस्कार वर्ग’ हे नाव कोर्टाला काहीच सांगत नाही, त्या तासाच्या वहीत काय उतरवून घेतलं ते सांगतं.

आता प्रकरणं वर कशी जातात याकडे येतो. आजवरची महत्त्वाची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर सक्ती कुणाच्या हुकमानं आली यावर दार ठरतं असं दिसतं.

हुकूम देशपातळीवरचा असेल तर लोक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत आणि तिथे त्यांना दारातून परत पाठवलेलं नाही. अरुणा रॉय प्रकरण असंच थेट गेलं, कारण आराखडा अख्ख्या देशासाठी होता. केंद्रीय विद्यालयांत सकाळी म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेविरुद्धची याचिकाही थेट कलम ३२ खाली दाखल झाली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती नरिमन आणि न्यायमूर्ती सरन यांच्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असं सांगून तो सरन्यायाधीशांकडे पाठवला.

हुकूम राज्य सरकारचा असेल तर उच्च न्यायालय. गुजरातनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीला भगवद्गीता शिकवण्याचं ठरवलं, तेव्हा आव्हान गुजरात उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं नोटीस काढली, स्थगिती दिली नाही. आपल्याकडे असा हुकूम निघाला तर तो बहुधा पुण्यातूनच निघेल: शिक्षण आयुक्तालय मध्यवर्ती इमारतीत, एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) सदाशिव पेठेत, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर. २०२४ च्या मे महिन्यात एससीईआरटीनं राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराचा उल्लेख होता आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. त्या वेळी अनेकांनी मला विचारलं, रिट (कलम २२६ खालची उच्च न्यायालयातली याचिका) करायची का? मसुद्याविरुद्ध रिट टिकत नाही. मसुद्यावर मुदतीत लेखी हरकत नोंदवायची असते. ती नोंदवलेली असेल तर पुढे अंतिम निर्णयाला आव्हान देताना तुमच्या हातात एक चांगला कागद असतो.

कायदाच आव्हानाखाली असेल तर वाट पुन्हा उच्च न्यायालयातून जाते. उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा शिक्षण मंडळ कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयानं २२ मार्च २०२४ रोजी रद्द केला. ५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि ५ नोव्हेंबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं कायदा मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. फक्त फाजिल आणि कामिल या उच्च पदव्यांपुरता तो अवैध ठरवला, कारण त्या विषयात केंद्राचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) कायदा आहे. त्या निकालातलं एक सूत्र तुमच्या वकिलांनी लक्षात ठेवावं. ‘धर्मनिरपेक्षतेचा भंग होतो’ एवढं सर्वसाधारण विधान कायदा पाडायला पुरत नाही, घटनेतल्या कुठल्या नेमक्या तरतुदीचा भंग झाला ते दाखवावं लागतं. म्हणून तुमच्या याचिकेच्या पहिल्या पानावर धर्मनिरपेक्षतेवर निबंध नको. कलम २८ चा तिसरा, म्हणजे सक्तीला मनाई करणारा खंड हवा आणि त्याच्या जोडीला कलम २५ (धर्मस्वातंत्र्य) व १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य).

आणि चौथा प्रकार तुमचा: एक शाळा, एक कुटुंब. या प्रकारातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण केरळचं आहे, बिजो इमॅन्युएल. मी प्रत्येक नव्या ज्युनियरला ते मुळातून वाचायला लावतो. यहोवाचे साक्षीदार या पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदरानं उभी राहत, पण गात नसत. जुलै १९८५ मध्ये शाळेनं त्यांना काढलं. केरळ उच्च न्यायालयात आधी एकल न्यायाधीशांनी, मग खंडपीठानं (एकाहून जास्त न्यायाधीशांच्या पीठानं) त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. विशेष अनुमतीनं, म्हणजे अपील करण्याची खास परवानगी मागून, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. तिथे धर्मशिक्षणाचा तास नव्हता, प्रश्न सक्तीचा होता, आणि म्हणूनच तो निकाल तुमच्या कामाचा आहे.

हे प्रकरण जिंकलं ते कागदांवर. शिक्षण संचालकांची जी परिपत्रकं शाळेनं दाखवली, त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर कायदा लागतो, नुसतं खात्याचं परिपत्रक पुरत नाही. दुसरा कागद त्याहून मोठा. विधानसभेत आरडाओरडा झाल्यावर सरकारनं एक चौकशी आयोग नेमला होता, आणि त्यानं अहवालात लिहिलं की मुलं शिस्तीची आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. हा अहवाल नोंदीवर नसता तर दिल्लीत उभं राहिलेल्या वकिलाला ‘मुलं आदरानं उभी राहत’ हे कशाच्या आधारावर सांगता आलं असतं? कोट्टायम जिल्ह्यातल्या एका शाळेत काय घडलं हे पाहायला न्यायमूर्ती जात नाहीत. ते फाइल वाचतात.

माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर येऊन थांबतं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो. विशेष अनुमती याचिकेचा नियमच असा आहे की खालच्या न्यायालयात जे मांडलं त्यापुरतीच ती मर्यादित असावी. तसं प्रमाणपत्र वकिलाला जोडावं लागतं. उच्च न्यायालयाच्या फाइलमध्ये जे नाही, ते दिल्लीत सहसा येत नाही. आणि उच्च न्यायालयाच्या फाइलमध्ये काय असतं? तुम्ही शाळेला दिलेलं पहिलं पत्र, त्यावर शाळेचं उत्तर, शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या अर्जाची पोच, सुनावणीचा कागद, वर्गाचं वेळापत्रक, वहीची पानं. रिटमध्ये साक्षीपुरावा होत नाही, सगळं प्रतिज्ञापत्रांवर चालतं. तुम्ही म्हणाल सक्ती आहे, शाळा म्हणेल ऐच्छिक आहे, आणि कागद नसेल तर न्यायालय म्हणेल की हा तथ्यांचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावणं हा पर्याय आहेच, पण मनाई हुकमाचा अर्ज, त्यावर अपील, मग मूळ दावा, मग पहिलं आणि दुसरं अपील यांत मुलगी कॉलेजला जाईल.

म्हणून मुख्याध्यापकांशी झालेलं बोलणं आता लेखी आणा. पत्र शांत भाषेत असावं. ‘माझी मुलगी अमुक वर्गात आहे, अमुक तासाला अमुक पठण होतं, त्यात तिनं भाग घ्यावा याला माझी संमती नाही, त्या वेळेत तिला वाचनालयात किंवा दुसऱ्या वर्गात बसू द्यावं, आणि यामुळे तिच्या गुणांवर परिणाम होणार नाही असं लेखी कळवावं.’ एवढंच. दुसऱ्या धर्माविषयी किंवा शाळेच्या हेतूविषयी एक शब्दही नको. पालकानं रागाच्या भरात लिहिलेली दोन वाक्यं शाळेच्या प्रतिज्ञापत्रात ठळक अक्षरांत छापून आलेली मी पाहिली आहेत, आणि मग सुनावणी त्या दोन वाक्यांवरच अडून राहते. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. शाळा पोच देत नसेल तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, प्रत शिक्षण उपसंचालकांना द्या. सहावीचा वर्ग असल्यानं प्राथमिक की माध्यमिक विभाग, हे शाळेच्या मान्यतेवर ठरेल. शंका असेल तर दोन्हीकडे द्या.

पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, आणि तसं झालं तर मला मनापासून आनंद होईल. मुख्याध्यापकांनाही वरून काही लेखी आलं की संस्थाचालकांना सांगायला आधार मिळतो.

मिटलं नाही तर मुंबई. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं, पण त्याच्या कक्षेत कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. पुण्याचं काम अजून मुंबईच्या मुख्य पीठाकडेच चालतं. कलम २२६ खाली रिट करायची. पक्षकार म्हणून राज्य सरकार, शिक्षणाधिकारी, संस्था आणि मुख्याध्यापक. संस्था खासगी आहे, तिच्याविरुद्ध रिट कशी, असा आक्षेप येईल. २०२२ मध्ये सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की खासगी शाळेविरुद्धची तक्रार तिच्या सार्वजनिक कर्तव्याशी निगडित असली पाहिजे, नोकरीच्या करारासारखा खासगी वाद चालणार नाही. तुमच्या बाबतीत हा आक्षेप टिकू नये, कारण कलम २८ चा तिसरा खंड मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळेलाच उद्देशून आहे. तरी उत्तर तयार ठेवा.

मुंबईत तुम्हाला जवळचा आधारही आहे. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं शिक्षकांच्या बाजूनं कौल दिला आणि अशी सक्ती मूलभूत हक्कांत बसत नाही असं सांगितलं. केरळ उच्च न्यायालयानंही जानेवारी २०२० मध्ये म्हटलं आहे की मान्यताप्राप्त खासगी शाळेनं सरकारच्या परवानगीविना एकाच धर्माचं शिक्षण देऊ नये. केरळचा निकाल मुंबईवर बंधनकारक नाही, पण तो वाचून दाखवता येतो. आणि दोन राज्यांची उच्च न्यायालयं एकाच प्रश्नावर वेगळं बोलू लागली की सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावंसं वाटतं, हे वर जाण्याचं एक महत्त्वाचं कारण असतं.

उच्च न्यायालयाच्या आतही पायऱ्या आहेत. एकल न्यायाधीशांचा निकाल असेल तर त्यावर खंडपीठाकडे लेटर्स पेटंट अपील करता येतं. मात्र अशा बऱ्याच रिट मुंबईत सुरुवातीलाच खंडपीठापुढे लागतात. प्रश्न फार व्यापक वाटला तर न्यायाधीश स्वतःच तो मोठ्या पीठाकडे पाठवतात. कर्नाटकातलं हिजाब प्रकरण तसं झालं: ९ फेब्रुवारी २०२२ ला एकल न्यायाधीशांनी ते मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवलं, तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ बसलं, १५ मार्चला निकाल आला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गुप्ता आणि न्यायमूर्ती धुलिया यांच्यात मतभेद झाले आणि मोठ्या पीठाची गरज पडली.

उच्च न्यायालयानंतर दोन वाटा राहतात. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न आहे असं प्रमाणपत्र उच्च न्यायालयाकडून घ्यायचं आणि अपील करायचं. हे प्रमाणपत्र निकाल वाचून होताच तोंडी मागता येतं, पण ते क्वचित मिळतं. म्हणून जवळजवळ सगळेजण कलम १३६ खालच्या विशेष अनुमती याचिकेनं जातात. मुदत निकालापासून नव्वद दिवस, प्रमाणपत्र नाकारलं असेल तर त्या आदेशापासून साठ. वकिलामार्फत करायची तर ती फक्त ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात तशी नोंदणी असलेले वकील, दाखल करू शकतात. ‘अनुमती’ हा हक्क नाही, न्यायालयाची इच्छा आहे. बहुतेक याचिका एका ओळीत फेटाळल्या जातात. अशा एका ओळीच्या आदेशाचा अर्थ उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला असा होत नाही, हे २००० च्या कुन्हायम्मद निकालानं स्पष्ट केलं आहे. वर्तमानपत्रात ‘सुप्रीम कोर्टाचा दणका’ असा मथळा आला तरी आदेश मिळवून वाचा. अनुमती मिळाली आणि घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न ठरवायची वेळ आली तर कलम १४५ प्रमाणे किमान पाच न्यायमूर्ती बसावे लागतात. तिथे काळ लागतो, आणि तो किती याचा अंदाज कुठल्याच वकिलानं देऊ नये.

आता ती दोन मागण्यांची गोष्ट. पिंपरी-चिंचवडकडच्या एका पालकांची अशीच याचिका मी चालवली होती. मुलाच्या डायरीत शाळेनं लिहून दिलं होतं, ‘पठण अनिवार्य आहे. मान्य नसल्यास दाखला घेऊन जावा.’ त्या एका पानानं याचिका उभी राहिली. पहिल्याच तारखेला खंडपीठानं ते पान पाहिलं, सरकारी वकिलांना सूचना घ्यायला सांगितलं, आणि दुपारनंतर संस्थेच्या वकिलांनी निवेदन केलं की कोणत्याही विद्यार्थ्यावर सक्ती केली जाणार नाही. न्यायालयानं ते नोंदवून याचिका निकाली काढली. असं निवेदन मोडलं तर अवमानाची कारवाई होऊ शकते, त्यामुळे मुलगा पूर्ण सुरक्षित झाला. पण कायद्याचा एकही प्रश्न ठरला नाही. वडिलांना निकाल हवा होता आणि त्यांची निराशा मला समजत होती. तरी मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, न्यायालय मुलाला दिलासा देत असेल तर तो घ्यावा. मुलाचं शाळेतलं एक वर्ष आपल्या तत्त्वासाठी खर्ची घालायचा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटत नाही.

वर जायला कुणीतरी हरावं लागतं आणि हरलेल्याला पुढे लढायची इच्छा असावी लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळेत जीवसृष्टीच्या उत्पत्तीविषयीचा धार्मिक विचार विज्ञानाच्या तासात आणल्यावरून पालक कोर्टात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी जिंकले. पण त्याआधीच्या महिन्यात शाळा मंडळाच्या निवडणुकीत तो ठराव करणारे सदस्य पडले होते. नव्या मंडळानं अपीलच केलं नाही. एवढा गाजलेला खटला पहिल्या पायरीवर संपला आणि त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला कधी बोलायची वेळ आली नाही.

मुलं मोठी होतात, हेही आहेच. सहावीतली मुलगी चार-पाच वर्षांत दहावी होऊन बाहेर पडेल आणि शाळेचे वकील म्हणतील की याचिका आता निरर्थक झाली. ज्यांना खरोखरच निकाल हवा असतो त्यांना मी सांगतो की खालच्या इयत्तांतल्या आणखी एक-दोन मुलांच्या पालकांना सहअर्जदार करा, आणि मागण्यांमध्ये आपल्या मुलापुरती मागणी वेगळी व ‘सर्व मान्यताप्राप्त शाळांना लेखी संमतीची पद्धत घालून देण्याचे निर्देश सरकारला द्यावेत’ ही मागणी वेगळी लिहा. मग शाळेनं निवेदन केलं तरी सरकारविरुद्धची मागणी जिवंत ठेवायला वाव राहतो. जनहित याचिकेचा मार्गही आहे, त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे स्वतंत्र नियम आहेत; पण ज्याच्या स्वतःच्या घरात प्रश्न आहे त्यानं रिटच करावी असं माझं मत आहे. प्रत्यक्ष झळ बसलेल्या माणसाचं न्यायालय वेगळ्या कानानं ऐकतं.

खर्चाची चिंता असेल तर एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. याचिका मुलीच्या नावानं, आईमार्फत केली तर हा हक्क सरळ लागू होतो. उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती मुंबईत आहे.

शेवटी तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर मी जास्त नेमकं सांगू शकेन. शाळेचं अनुदान किती टक्के आहे आणि ती अल्पसंख्याक संस्था म्हणून नोंदलेली आहे का, ही पहिली. अल्पसंख्याक संस्थेला कलम ३० खाली कारभाराचे जास्त हक्क असतात. पण अन्य श्रद्धेच्या मुलावर धार्मिक तासाची सक्ती करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, कारण कलम २८ चा तिसरा खंड तिलाही लागू आहे.

दुसरी गोष्ट, प्रवेशाच्या वेळी तुम्ही कशावर सही केली? बऱ्याच शाळांच्या प्रवेश अर्जात ‘शाळेच्या सर्व उपक्रमांत पाल्य सहभागी होईल’ असं वाक्य असतं आणि शाळा तीच संमती म्हणून दाखवते. संमतीचा वाद पुण्याला नवा नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात विधवा मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून वाद पेटला, सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेलं. तेव्हा घटना नव्हती, पालकाच्या हातात मुलीला काढून नेण्याखेरीज काही नव्हतं. आज मुलगी त्याच शाळेत राहून तुम्ही नाही म्हणू शकता. प्रवेश अर्जातल्या मोघम वाक्याला कलम २८ ची संमती मानू नये आणि दिलेली संमतीही पुढे मागे घेता यावी, अशी बाजू मी मांडेन, कारण तास दर आठवड्याला नव्यानं होतो. पण ती मागे घेतल्याचं पत्र याचिकेच्या आधीच्या तारखेचं हवं. ते पत्र या आठवड्यात द्या आणि पोच जपून ठेवा.